न मिटणारा पर

कार्डावर माशाची जात लिहायच्या रकान्यात मी ‘ब्लू’ लिहिलं होतं. डेकवरच्या पोराने ते वाचलं, काही न बोलता माझ्या हातातलं पेन घेतलं, त्या शब्दावर एक आडवी रेघ ओढली आणि वरच्या मोकळ्या जागेत ‘ब्लॅक’ लिहिलं. मग कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत सरकवून तो हात धुवायला गेला. एवढंच घडलं. त्याच्या वागण्यात हेटाळणी नव्हती, घाईसुद्धा नव्हती. शाळेत बाई वहीतली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करून पुढच्या ओळीकडे वळायच्या, तसं त्याने केलं. पण ती आडवी रेघ पुढे कित्येक आठवडे माझ्या डोक्यातून गेली नाही. मासा माझ्यापासून दोन हातांवर होता. मधे काच नव्हती, कॅमेरा नव्हता. मी तो उघड्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि तो निळा होता.

निळाच होता.

ऑक्टोबरचा महिना, ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सपासून बाहेर लिंडन बँकचा समुद्र. मी ब्रिस्बेनला राहते. ऑफिसातल्या सहकाऱ्याने तिकडची एक बोट दिवसभरासाठी घेतली होती, त्यात एक जागा मोकळी होती, म्हणून मी गेले. प्रवाळाच्या भिंतीपर्यंतचं पाणी हिरवं असतं, आणि भिंत संपली की खालची जमीन एकदम तुटते. तिथे पाण्याचा रंग दौतीतल्या शाईसारखा होतो. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मार्लिनच्या, म्हणजे भाल्यासारख्या चोचीच्या त्या माशाच्या, मोठ्या माद्या अंडी घालायला या कडेला येतात. खरोखर मोठ्या असतात त्या माद्याच, नर त्यांच्या मानाने लहान राहतात. गळाला लावायचं आमिष बघून मात्र माझ्या पोटात कालवलं. बर्फाच्या खोक्यातून पोराने एक अख्खी इसवण बाहेर काढली. चांगली चार-पाच किलोची, अंगावर ते ओळखीचे बारीक नागमोडी पट्टे. तिचं तोंड जाड दोऱ्याने शिवलेलं होतं आणि टाळूपुढे माझ्या तळहाताएवढा गळ बांधला होता. मुंबईकर जिला सुरमई म्हणतात, हे लोक जिला स्पॅनिश मॅकरेल म्हणतात, आणि आमच्या मालवणात जी दारात आली की त्या दिवशी घरात वेगळाच वास असतो, ती इसवण इथे दुसऱ्या कुणाचं तरी जेवण म्हणून लाटांवर उड्या मारत मागे फरफटत चालली होती.

दुपारी अडीचच्या सुमाराला रील किंचाळलं. त्या आवाजाला दुसरा शब्द मला सापडत नाही. सहकारी खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला, दोर सरसर बाहेर जातोय, कप्तान बोट उलटी घेतोय, डिझेलचा धूर सगळ्यांच्या तोंडावर. मासा तीन वेळा उडाला. तिसऱ्या वेळी तो अख्खा पाण्याबाहेर होता आणि क्षणभर तिथेच थांबल्यासारखा वाटला. चाळीसेक मिनिटांनी तो बोटीच्या कडेला आला. पोराने जाड हातमोज्यांवर लीडरचे, म्हणजे गळाजवळच्या भक्कम दोराचे, वेढे घेतले, दुसऱ्याने लांब काठीने पाठीच्या पराजवळ टॅग टोचला, आणि कप्तान वरून मला म्हणाला, कार्ड भर. तारीख, जागा, अंदाजे वजन त्याने सांगितलं. जात सांगितली नाही, कारण ती सांगायची गोष्टच नव्हती. मी खाली पाहिलं. पाण्यात आडवं झालेलं ते अंग आतून दिवा लावल्यासारखं पेटलेलं होतं. पाठीवर गर्द निळं, कुशीवर जांभळट, पराच्या कडेला तर असा निळा रंग की तो पाण्याचा की माशाचा हे कळू नये. मी लिहिलं, ब्लू.

परतीच्या वाटेवर मी त्या पोराजवळ जाऊन बसले आणि विचारलं. त्याने आपला हात पक्ष्यासारखा बाजूला पसरला. “छातीचा पर बघितलास ना? आडवा झाला होता तेव्हा वरचा पर कसा आकाशाकडे ताठ उभा होता? तो मिटत नाही. जोर लावून अंगाला टेकवायला गेलीस तर सांधा मोडेल. ब्लू असेल तर पर अंगालगत सपाट मिटतो.” मग दुसऱ्या खुणा. ब्लॅकच्या पाठीवरचा पहिला पर ठेंगणा, अंगाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी उंचीचा. ब्लूचा त्याहून उंच आणि टोकदार. पट्टेवाल्या मार्लिनचा तर अंगाच्या जाडीइतका, कधी त्याहूनही उंच. ब्लॅकची चोच आखूड आणि दणकट, खालचा जबडा जाड, मानेमागे वशिंडासारखा उंचवटा. शेपटीकडे वर-खाली दोन छोटे पर असतात, त्यातला वरचा ब्लॅकमध्ये खालच्याच्या किंचित पुढे, ब्लूमध्ये किंचित मागे. आणि जागा. प्रवाळाच्या कडेला असतो तो बहुतेक ब्लॅक, ब्लू खोल मोकळ्या समुद्रातला. एवढं सगळं सांगताना त्याने रंगाचं नाव एकदाही काढलं नाही. मीच शेवटी विचारलं, “पण रंग?” तो म्हणाला, “रंग तर तो चिडला, भुकेला झाला, घाबरला, दमला, की दर वेळी वेगळा.”

मग याला काळा का म्हणायचं? हा प्रश्न घेऊन मी घरी आले आणि त्याच्या मागे लागले. सापडत गेलं त्याने माझं समाधान होण्याऐवजी मी अधिकच हलले. ज्याला आपण निळा म्हणतो त्या मार्लिनचं शास्त्रीय नाव आहे मकैरा निग्रिकान्स. निग्रिकान्स म्हणजे काळपट. लासेपेद नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये ते दिलं, फ्रान्सच्या किनाऱ्याला लागलेल्या एका माशावरून. समुद्रातला निळा त्याला दिसलाच नव्हता. मेल्यावर या जातीचं अंग काळवंडतं, आणि त्याच्यापर्यंत पोचलं ते तेवढंच. जपानी लोक तर याला सरळ कुरोकाजिकी म्हणतात, कुरो म्हणजे काळा. आणि आपला काळा मार्लिन, तो ज्याचा पर मिटत नाही? त्याचं जपानी नाव शिरोकाजिकी. शिरो म्हणजे पांढरा. मेल्यावर त्याचं अंग फिकटत जातं, मासळीबाजारात तो पांढुरका दिसतो. तेव्हा इंग्रजीतला निळा जपानीत काळा, आणि इंग्रजीतला काळा जपानीत पांढरा. रात्री उशिरा स्वयंपाकघरात उभ्याने हे वाचत होते. वाचून मी फोन ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ बाहेरच्या अंधाराकडे बघत राहिले. कुणी कुणाला कुठल्या वेळी पाहिलं, यावर नाव ठरलं होतं. धक्क्यावर बर्फात पाहणाऱ्याने एक नाव दिलं, दोर हातात धरून पाहणाऱ्याने दुसरं. दोघांनीही खोटं सांगितलं नव्हतं.

काळ्याच्या शास्त्रीय नावात रंग नाहीच, याचं मला उगाचच बरं वाटलं. इस्टिओम्पॅक्स इंडिका. १८३२ मध्ये कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुमात्राकडच्या माशावरून त्याला इंडिका म्हटलं, आणि ते नाव टिकलं. हा मासा आपल्या समुद्रातही आहे. मी दहावीपर्यंत ज्या किनाऱ्यावर वाढले, त्या पाण्याच्या आडनावाचा मासा मला जवळजवळ नऊ हजार किलोमीटर दूर भेटला, आणि मी त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारली.

रंगावरून नाव ठेवायची आपल्याला तरी कुठे कमी सवय आहे. आमच्या घरात बाळ जन्मलं की पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्याच्या कानाची पाळी उलटी करून बघायचंच. पाळी जशी तसा पुढे रंग, असं मानतात. माझ्या एका चुलत बहिणीच्या कानाकडे बघून बायका गप्प झाल्या होत्या आणि त्या गप्प होण्यातूनच तिचं घरातलं नाव तयार झालं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ती आज चाळीस वर्षांची आहे, दोन मुलांची आई आहे, आणि गावी गेली की अजून तिला त्याच नावाने बोलावतात. मीही बोलावत आले. कार्डावरची ती आडवी रेघ आठवताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण ते नाव थांबवायला हवं होतं.

आत्या मात्र कधी रंगाकडे बघायची नाही. माणसांच्याही नाही आणि माशांच्या तर नाहीच. मालवणच्या बंदरावर लिलाव संपत आला की ती पिशवी घेऊन निघायची आणि मी तिच्या मागे. ओल्या वाळूचा, डिझेलचा, जाळ्यात अडकून मेलेल्या खेकड्यांचा तो एकत्र वास. टोपलीत दोन तऱ्हेच्या सुरमया असायच्या, एक पट्ट्यांची, एक ठिपक्यांची. दिसायला सख्ख्या बहिणी. मला वाटायचं, यात ओळखायचं काय आहे, पट्टे ती इसवण आणि ठिपके ती दुसरी. पण कोवळ्या इसवणीच्या अंगावर पट्टे धड उमटलेले नसतात, तिथे ठिपकेच असतात, आणि विकणारी सांगेल ते खरं मानावं लागतं. आत्या खाली बसायची, माशाच्या कल्ल्यामागे तर्जनी टेकवायची आणि कुशीवरची ती बारीक रेघ धरून बोट शेपटीकडे न्यायची. इसवणीची रेघ सरळ जाते आणि पाठीवरच्या दुसऱ्या परापाशी आली की एकदम खाली उतरते, पायरी चुकल्यासारखी. दुसरीची रेघ हळूहळू उतरते. “बोटाक कळता,” ती म्हणायची. “डोळे फसतत.” मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. वाक्य कानावरून गेलं होतं. पुढे मी परदेशी गेले, मोठ्या दुकानातले कातडी काढलेले, चौकोनी तुकडे केलेले मासे घेऊ लागले, आणि बोटाला काही कळायची वेळच उरली नाही.

मार्लिनलाही ती कुशीवरची रेघ असते, हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. काळ्याची रेघ एकेरी, साधी. निळ्याची म्हणजे गुंतवळ. प्रशांत महासागरातल्या निळ्याच्या अंगावर ती साखळीच्या फासांसारखी, अटलांटिकमधल्याच्या अंगावर जाळीसारखी. या फरकामुळे दोन महासागरांचे निळे दोन जाती आहेत असं मानणारे बरेच होते. जनुकं तपासल्यावर ते एकच निघाले, तरी आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना विक्रम अजून वेगवेगळे ठेवते. फक्त एवढं आहे की ही रेघ मोठ्या माशाच्या खवल्यांखाली लपते. जिवंत मासा परत सोडायचा असेल तर ती बघता येत नाही. तिथे आत्याचं बोट थांबलं असतं.

चुकलेल्यांची यादी वाचताना मला आधार वाटला नाही, पण जवळीक वाटली. झेन ग्रे या अमेरिकन कादंबरीकारांनी १९३० मध्ये ताहितीजवळ १,०४० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४७२ किलोचा मार्लिन धरला. शार्कनी त्याचा भाग तोडून खाल्ला होता, तरी एवढं वजन. त्यांनी त्याला ताहितीचा महाकाय पट्टेवाला मार्लिन म्हटलं, कारण पट्टे होते. आज तो निळा मानला जातो. निळ्याच्या अंगावरही जिवंतपणी फिकट निळे पट्टे असतात, मेल्यावर ते विरतात. पट्टेवाल्याचे मात्र मागे उरतात. क्युबाजवळ मासेमारी करणारे लेखक हेमिंग्वे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला असं धरून चालले होते की पांढरा, पट्टेवाला, निळा, काळा ही सगळी एकाच माशाची वयाची आणि नर-मादीची रूपं असावीत. हा अंदाज मला वेडगळ वाटत नाही. ज्याने समुद्रावर दिवसच्या दिवस काढून एकच मासा तासाभरात चार रंगांचा झालेला पाहिला, त्याला असं वाटणारच. १९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विज्ञान अकादमीचे मत्स्यतज्ज्ञ हेन्री फाउलर त्यांच्याकडे जाऊन राहिले, मोजमापं घेतली, आणि जातींची मांडणी त्यातून सुधारली. हवाईत तर सिल्व्हर मार्लिन नावाची एक वेगळी जातच कित्येक वर्षं तोंडी होती. ती काळ्याचीच निघाली. आणि तिथले मच्छीमार ज्याला काळा म्हणायचे तो होता निळा.

केर्न्समध्ये हे सगळं सुरू झालं ते १९६६ च्या सप्टेंबरात. जॉर्ज ब्रॅन्सफर्ड नावाच्या अमेरिकनाने तिथे ‘सी बेबी’ नावाची बोट बांधली होती, आणि तिच्यावर रिचर्ड ओबॅक याने १,०६४ पौंडांचा काळा मार्लिन आणला. हजार पौंडांच्या पुढचा मासा इथे आहे हे जगाला कळलं आणि बोटींची रांग लागली. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, पेरूच्या काबो ब्लांकोजवळ अल्फ्रेड ग्लासेल यांनी १,५६० पौंडांचा, सुमारे ७०८ किलोचा काळा मार्लिन धरला होता. तो विक्रम आजवर कुणी मोडलेला नाही. अशा माशांचे जुने फोटो मी बरेच बघितले. लाकडी चौकटीला शेपटीने उलटा टांगलेला मासा, बाजूला पांढरी टोपी घातलेला हसरा माणूस, पोटावर रंगाने लिहिलेलं वजन. फोटो काळे-पांढरे, त्यामुळे रंगाचा प्रश्नच मिटलेला. उलट्या टांगलेल्या त्या अंगावर मी प्रत्येक वेळी आधी पर शोधायचे. काळ्याचा पर टांगलेला असतानाही बाजूला निघालेला दिसतो.

ते फोटो मला बघवत नव्हते, हेही खरं. आमच्या घरात मासा म्हणजे जेवण. धरला तो पोटासाठी, आणि त्यातला काटासुद्धा मांजराला. इथे मासा धरायचा तो धरण्यासाठी. पण टांगलेल्या फोटोंच्या जागी आता बहुतेक ठिकाणी टॅग आणि कार्ड आलं आहे, याबद्दल मला मनापासून आदर आहे. न्यू साउथ वेल्सच्या मत्स्य विभागाची टॅगिंगची योजना १९७३ पासून चालू आहे. कार्डावरचा क्रमांक आणि माशाच्या पाठीवरचा क्रमांक एकच. तो मासा पुन्हा कुठे, कुणाच्या गळाला लागला तर कळतं की एवढ्या दिवसांत तो कुठून कुठे गेला. म्हणून त्या रकान्यातला शब्द महत्त्वाचा. अटलांटिकमधल्या पांढऱ्या मार्लिनचं काय झालं बघा. त्याच्यासारखाच दिसणारा, गोल खवल्यांचा एक स्पिअरफिश त्याच्यात मिसळून मोजला जात होता. ती वेगळी जात आहे हे जनुकांवरून २००६ मध्ये पक्कं झालं, आणि मग प्रश्न उभा राहिला की आजवर पांढरे म्हणून मोजले त्यातले पांढरे किती. पांढरा आधीच कमी होत चाललेला. कुणाची तरी घाईत लिहिलेली कार्डं त्या मोजणीत आहेत. पोराने पेन माझ्या हातातून घेतलं नसतं तर माझंही असतं.

त्याचे मी नंतर आभार मानले. त्याला ती गोष्ट आठवतही नव्हती.

रविवारी दुपारी मी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दहा वाजले होते. फोन तिने तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि ती आडाळीवर, म्हणजे विळीवर, बसली होती, हात भरलेले. मी माशाचा फोटो स्क्रीनवर धरला. तिने मान पुढे केली.

“केदो मोठो गो ह्यो?”

“तीनशे किलोचा असेल.”

“खाल्लो कोणी?”

“कुणी नाही. सोडला.”

“सोडल्यानी? मगे धरल्यानी कित्याक?”

मला उत्तर आलं नाही. मी टॅगचं सांगितलं, क्रमांकाचं सांगितलं, तिने ऐकून घेतलं. पण तिचा प्रश्न त्याने सुटला नव्हता हे दोघींनाही कळत होतं. त्या माशाने चाळीस मिनिटं जो जीव पणाला लावला होता, त्याचं कार्डावर कुठे रकाना नव्हता. आमिषाला इसवण लावली होती हे मी तिला सांगितलंच नाही. मग मी चुकलेल्या नावाचं सांगितलं, कसा निळा दिसत होता आणि कसा काळा निघाला. तिने लगेच विचारलं, “रेघ बघलंय?”

“रेघ दिसत नाही. खवल्यांच्या खाली असते.”

“मगे कळला कसा?”

मी उठून उभी राहिले, फोन पुस्तकांवर ठेवला आणि उजवा हात खांद्यातून आडवा, ताठ धरला. त्या पोराने धरला होता तसा.

“मिटणा नाय?” ती म्हणाली.

“नाही.”

“मेलो तरी?”

“मेला तरी.”

तिने खाली बघितलं. आडाळीशेजारी ताटात इसवण होती, अजून न कापलेली. ओल्या बोटाने तिने तिचा छातीचा पर बाहेर ओढला, मग हलकेच अंगाला टेकवला, पुन्हा ओढला, पुन्हा टेकवला. तो दोन्ही वेळा सहज मिटला.